मत्स्यालय कोणाचे? समुद्र कोणाचा?

मुंबईच्या मरिन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे नाव ऐकले नाही, असा माणूस महाराष्ट्रात विरळा. १९५१ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. इमारतीला त्या काळी ८ लाख रुपये खर्च आला. त्यातले २ लाख तारापोरवाला या पारशी दात्याने दिले, म्हणून त्यांचे नाव. मत्स्यालय मात्र राज्य शासनाच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे. म्हणजे ते जनतेचे होते. विदर्भ-मराठवाड्यातून चैत्यभूमीवर येणारा माणूस असो की गिरणगावातला कामगार, मुंबईत पोराबाळांना काय दाखवायचे म्हटले की राणीची बाग, गेटवे आणि हे मत्स्यालय हीच यादी असायची. समुद्र ज्याने कधी पाहिला नाही, त्याला समुद्राच्या आत काय असते हे तिथे थोड्या पैशांत बघायला मिळत होते.

२०१५ च्या मार्चमध्ये मोठा गाजावाजा करून या मत्स्यालयाचे नूतनीकरण झाले. ॲक्रिलिक काचेचा बोगदा आला, रंगीबेरंगी दिवे आले, परदेशी शोभिवंत मासे आले. तिकिटाचा दरही वाढला. पुढे २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत दारे बंद झाली. टाळेबंदी उठली, उपाहारगृहे उघडली, मॉल उघडले, मंदिरे उघडली, पण जनतेचे हे मत्स्यालय वर्षानुवर्षे बंदच राहिले. इमारत जीर्ण झाल्याचे कारण पुढे करण्यात आले. पाच वर्षांपूर्वी कोट्यवधी रुपये खर्चून नटवलेली इमारत एवढ्यात जीर्ण कशी होते, हा प्रश्न ज्यांना विचारायला हवा होता त्यांना कोणी विचारला नाही.

आता पुन्हा नव्या मत्स्यालयांच्या घोषणा होत आहेत. शासन 'आंतरराष्ट्रीय दर्जा'ची भाषा बोलते, महापालिकेने राणीच्या बागेत मत्स्यालय उभारण्याची योजना मांडली आहे. प्रत्येक घोषणेत एक शब्द हमखास असतो: संवर्धन. हा शब्द कानावर पडला की आपण सावध व्हायला शिकले पाहिजे. संवर्धन कशाचे, कोण करणार, त्याचा खर्च कोणाच्या माथी आणि श्रेय कोणाला, एवढे चार प्रश्न विचारल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.

काही जण म्हणतील, चळवळीपुढे एवढे जिवंत प्रश्न असताना माशांच्या काचेच्या पेट्यांचे काय घेऊन बसलात? त्यांना आमचे उत्तर असे की, शासनाने जनतेच्या पैशातून उभी केलेली प्रत्येक गोष्ट हा आपला विषय आहे. सार्वजनिक या शब्दाची किंमत या देशात आपल्याइतकी कोणी मोजलेली नाही. सरकारी पैशाने बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात एवढ्यासाठी १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांना ठराव आणावा लागला, आणि तो ठराव कागदावर राहू नये म्हणून १९२७ साली महाडला जावे लागले. तिकिटाच्या दराची आणि अस्पृश्यतेची बरोबरी आम्ही करीत नाही. पण जे सार्वजनिक आहे ते सर्वसामान्यांच्या आवाक्यात राहिले पाहिजे, हा आग्रह त्याच परंपरेतला आहे.

आधी मत्स्यालय चालते कसे ते समजून घेऊ. काचेपलीकडे मासा शांतपणे फिरताना दिसतो, त्यामागे रात्रंदिवसाचे काम असते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. समुद्रात तो अथांग पाण्यात विरून जातो, टाकीत साचतो आणि माशालाच विष होतो. म्हणून पाणी सतत गाळणीतून फिरवावे लागते. गाळणीतले जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा कुठे ते पाणी जगण्यालायक राहते. खारेपणा, तापमान, प्राणवायू रोज मोजावा लागतो. पंप काही तास बंद पडला तर टाकीतले मासे तडफडून मरतात. नवा मासा आला की त्याला काही दिवस वेगळे ठेवावे लागते, नाहीतर त्याचा रोग सगळ्यांना लागतो. काचेवरचे शेवाळ खरवडणे, तळाची घाण उपसणे, मेलेला मासा उजाडायच्या आत काढणे, हे सारे कोणीतरी हाताने करीत असते. फीत कापणाऱ्याचे नाव दारावरच्या संगमरवरी पाटीवर कोरले जाते. हे काम करणाऱ्याचे नाव हजेरीपटावर असले तरी नशीब. बऱ्याचदा तो कंत्राटदाराचा माणूस असतो आणि कंत्राट बदलले की त्याची नोकरीही जाते.

म्हणून मत्स्यालय प्राण्यांसाठी चांगले की वाईट, हा प्रश्न असा मोघम विचारून चालत नाही. कोणता प्राणी, कुठून आणला, कशासाठी ठेवला, हे पाहावे लागते. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे आज शेततळ्यांत आणि टाक्यांत पैदास करून विकले जातात. समुद्रातले रंगीत मासे मात्र बहुतांशी प्रवाळांच्या खडकांतून पकडूनच आणले जातात. फिलिपाईन्स, इंडोनेशियाच्या समुद्रात त्यांना गुंगवून पकडण्यासाठी सायनाइड वापरल्याची प्रकरणे जगजाहीर आहेत. त्यात मासा तर मरतोच, प्रवाळही मरते. लांब कशाला जायचे? आपल्या पश्चिम घाटातल्या केरळ-कर्नाटकच्या नद्यांत लाल-काळ्या पट्ट्याचा एक देखणा मासा आहे. शास्त्रज्ञांनी सह्याद्रीच्याच नावावरून त्याच्या कुळाला 'सह्याद्रिया' म्हटले आहे. जगभरच्या दिवाणखान्यांतल्या टाक्यांसाठी तो इतका पकडला गेला की आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. म्हणजे माशांवरच्या प्रेमानेच मासा संपत आला. असले मासे विकत आणून वर संवर्धनाची पाटी लावायची, हा शुद्ध ढोंगीपणा आहे.

आता राणीच्या बागेतल्या पेंग्विनांकडे वळू. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आणले गेले. त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला. २०१८ च्या १५ ऑगस्टला पहिले पिल्लू जन्मले, तेही थोड्याच दिवसांत गेले. पुढे मात्र पिल्ले जगली आणि पेंग्विनांची संख्या वाढली. त्यांची देखभाल करणाऱ्या डॉक्टरांचे आणि कामगारांचे ते श्रेय आहे, ते त्यांना दिलेच पाहिजे. पेंग्विनचा यात काही दोष नाही. आमचा सवाल महापालिकेला आहे. हा पक्षी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा. तिथे तो कमी होतो आहे, कारण त्याच्या तोंडचे छोटे मासे मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांत जातात, ज्या विष्ठेच्या थरांत तो घरटे करतो ते थर खतासाठी उपसले गेले, आणि एल निनोच्या वर्षांत समुद्र तापला की त्याची उपासमार होते. भायखळ्यात वातानुकूलित दालन बांधल्याने पेरूच्या समुद्रात एक मासा तरी वाढतो काय?

आणि खर्च? २०२१ साली या पेंग्विनांच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे १५ कोटी रुपयांची निविदा निघाली. त्याआधी २०१७ च्या ऑगस्टमध्ये राणीच्या बागेचे मोठ्यांचे तिकीट ५ रुपयांवरून एकदम ५० रुपये झाले होते. आईबाप आणि दोन मुले अशा चौघांना १०० रुपये. ज्या कुटुंबात आजी आहे, तिसरे मूल आहे, गावाहून आलेला भाचा आहे, त्यांनी काय करायचे? महापालिकेच्या सवलतीच्या हिशेबात चौकोनी कुटुंब बसते. झोपडपट्टीतले कुटुंब बसत नाही. परदेशातला पक्षी जगावा म्हणून दालनात १६-१८ अंश तापमान राखले जाते आणि तो पाहायला येणाऱ्या घामेजलेल्या माणसाकडून दहापट तिकीट वसूल केले जाते, याला लोककल्याण म्हणायचे काय?

या देशातील प्राणिदयेची एक गंमत आहे. ती कोणावर आणि कधी जागी होते, हे वरच्यांच्या सोयीवर ठरते. २३ मे २०१७ रोजी केंद्र शासनाने प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्याच्या नावाखाली एकाच वेळी नियमांचे दोन संच काढले. एकाने गुरांच्या बाजारात कत्तलीसाठी होणारी खरेदी-विक्री बंद केली. दुसऱ्याने मत्स्यटाक्यांच्या दुकानांवर आणि मत्स्यालयांवर बंधने घातली. पेंग्विन, पाणमांजरे, समुद्री कासवे ठेवू नयेत, असेही त्यात होते. पहिल्या नियमांनी शेतकरी, खाटीक, कातडी कमावणारे यांच्या पोटावर पाय आला. सर्वोच्च न्यायालयात स्थगिती टिकेपर्यंत लाखो गरिबांचा जीव टांगणीला होता. दुसऱ्या नियमांवर व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि शासनाने ते काही महिन्यांतच गुंडाळून टाकले. गाईच्या नावाने माणसे मारली जात असताना मुके राहणारे प्राणिमित्र आणि मासे शिजवणाऱ्याला घर भाड्याने न देणाऱ्या सोसायट्या याच शहरात आहेत. माशाचा वास सहन होत नाही, पण दिवाणखान्यात माशांची टाकी मात्र हवी, असा हा कळवळा आहे.

याचा अर्थ प्राण्यांवरची दया खोटी आहे असा नव्हे. तथागतांच्या करुणेचा वारसा सांगणारा समाज प्राण्याच्या वेदनेला हसू शकत नाही. म्हणूनच जे योग्य झाले त्याला योग्य म्हटले पाहिजे. १९९० च्या दशकात चेन्नईजवळच्या एका खासगी मनोरंजन उद्यानात बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले. तरीही पुढे कोचीला, आपल्या सिंधुदुर्गात डॉल्फिन पार्क काढण्याचे मनसुबे चालूच होते. २०१३ च्या मे महिन्यात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून डॉल्फिनांचे खेळ आणि त्यासाठी त्यांना कोंडणे यांवर देशभर बंदी घातली. डॉल्फिन हा अतिशय बुद्धिमान, संवेदनशील प्राणी आहे, शास्त्रज्ञ त्याला मानवेतर 'व्यक्ती' मानावे असे सुचवतात, असे त्या परिपत्रकात म्हटले होते. निर्णय उत्तम होता आणि तो पाळलाही गेला. कोकणच्या कोळ्याला गादा म्हणून ठाऊक असलेला हा प्राणी आज दापोली, गुहागर, तारकर्लीच्या समुद्रात मोकळा फिरतो आणि स्थानिक होडीवाल्याला चार पैसेही मिळवून देतो.

पण त्याच २०१३ साली संसदेने हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध कायदाही केला होता. डॉल्फिनसाठीचे परिपत्रक अमलात आले. माणसांसाठीचा कायदा होऊनही गटारात आणि सेप्टिक टाकीत गुदमरून माणसे मरतच आहेत. आणि ती कोणत्या जातींची असतात, हे या वृत्तपत्राच्या वाचकाला सांगायची गरज नाही. हा विषय मत्स्यालयापासून दूरचा वाटेल, पण तो दूरचा नाही. मुंबईची जी घाण उपसताना आपला माणूस मरतो, तीच घाण पुरेशी शुद्ध न करता समुद्रात सोडली जाते. मत्स्यालयातल्या टाकीत अमोनिया वाढला तर अधिकारी धावत येतात. माहीमच्या, वर्सोव्याच्या, मालाडच्या खाडीत तो वाढला तर कोण धावतो?

खरे संवर्धन बघायचे असेल तर काचेपासून दूर जावे लागेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. कासवाची अंडी काढून खाण्या-विकण्याची जिथे रीत होती, तिथलीच माणसे पहाटे किनाऱ्यावर फिरून माग काढू लागली, घरटी जाळीत सुरक्षित ठेवू लागली. पुढे कोकण किनाऱ्यावर गावोगाव हे काम पसरले. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास! एवढे अंतर तोडणाऱ्या प्राण्याला पंधरा फुटांच्या टाकीत फेऱ्या मारायला लावून मुलांना कासव शिकवता येते काय? डहाणूला वन खात्याचे कासव उपचार केंद्र आहे. जाळ्यात, प्लास्टिकमध्ये जायबंदी झालेली कासवे तिथे बरी करून पुन्हा समुद्रात सोडतात. प्राणी काही काळ पाण्याच्या टाकीत ठेवायचाच असेल, तर तो असा ठेवावा.

व्हेल शार्क या जगातल्या सर्वांत मोठ्या माशाला २००१ साली वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. कायदा झाला म्हणून शिकार आपोआप थांबली नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर २००४ पासून मच्छीमारांमध्ये मोहीम झाली, आणि जे त्याला मारून विकत होते तेच आपले जाळे कापून त्याला सोडू लागले. जाळे कापणे म्हणजे काय, हे कारखानदाराला कळणार नाही. हजारो रुपयांचे जाळे कर्जाने घेतलेले असते, कापले की त्या दिवसाची कमाई तर बुडतेच, पुढचे दिवसही बुडतात. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली. संरक्षित प्राण्यासाठी स्वतःचे जाळे कापणारा कोळी हाच या राज्यातला मोठा सागरी संवर्धक आहे. किती मत्स्यालयांच्या भिंतीवर त्याचा फोटो लावलेला असतो?

विदर्भातल्या वाचकांना आणखी जवळचे उदाहरण सांगतो. भंडारा-गोंदियाचे जुने मालगुजारी तलाव बेशरमच्या झुडपांनी आणि गाळाने मरायला टेकले होते. बाहेरून आणलेल्या जातींचे बीज सोडून-सोडून गावठी मासे नाहीसे होत चालले होते. तिथल्या ढिवर समाजाच्या महिलांनी, कार्यकर्त्यांनी आणि जाणत्या मच्छीमारांनी तलावातली बेशरम उपटली, माशांना अंडी घालायला आणि लपायला लागणाऱ्या पाणवनस्पती शोधून आणून पुन्हा लावल्या. गावठी मासे परतू लागले. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा राहतो, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. विद्यापीठाने ते त्यांना दिले नव्हते. ज्याला शाळेने अडाणी ठरवले त्याने तलाव जिवंत केला.

मात्र आपण भाबडेपणाही करू नये. समुद्र ओरबाडणाऱ्यांतही मच्छीमार समाजातले धनदांडगे आहेत. पर्ससीन जाळ्यांचे मालक, एलईडी दिवे लावून रात्री समुद्र झाडून नेणारे, पिल्ले पकडून खताला विकणारे हे सगळेच बाहेरचे नाहीत. पर्ससीनवर महाराष्ट्र शासनाने २०१६ च्या फेब्रुवारीत निर्बंध आणले, एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून त्याहून लहान मासे पकडण्यास मनाई केली. नियम चांगले आहेत. अंमलबजावणीचे काय? किनाऱ्यावर डोल जाळे लावून बोंबील-जवळा धरणारा छोटा कोळी आणि डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी त्याची घरधनीण यांना दंड करणे सोपे असते. मोठ्या ट्रॉलरच्या मालकाच्या मागे आमदार-खासदार उभे असतात.

आता सगळ्यांत मोठ्या विसंगतीकडे येऊ. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने पापलेटला राज्य मासा जाहीर केले. पापलेट म्हटले की पालघर जिल्ह्यातले सातपाटी डोळ्यांसमोर येते. तिथले मच्छीमार आणि त्यांच्या सहकारी संस्था पापलेट कमी होत असल्याचे वर्षानुवर्षे ओरडून सांगत होत्या. घोषणेला वर्षही पूर्ण झाले नव्हते तोच, ३० ऑगस्ट २०२४ रोजी, त्याच जिल्ह्यात पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार २२० कोटी. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे नेमलेल्या प्राधिकरणाने हेच बंदर १९९८ साली नाकारले होते. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. मधल्या पंचवीस वर्षांत किनारा कमी नाजूक झाला की शासनकर्त्यांची भूक वाढली? मच्छीमार आणि आदिवासी बांधवांनी मोर्चे काढले, मानवी साखळ्या केल्या. त्यांना विकासविरोधी ठरवण्यात आले. एका हाताने पापलेटच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या घरावर दगड-माती ओतायची, याला काय म्हणायचे ते वाचकांनीच ठरवावे.

वरळीच्या कोळ्यांचेही तसेच झाले. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांमधून आपल्या होड्या सुखरूप जाव्यात एवढीच त्यांची मागणी होती. ६० मीटरचे अंतर धोक्याचे आहे, असे ते सांगत होते. अनेक महिने काम अडवल्यावर, लढल्यावर, कुठे २०२२ च्या अखेरीस ते अंतर १२० मीटर करायला शासन तयार झाले. भरती-ओहोटी, वारा, प्रवाह यांत ज्याची हयात गेली त्याला आधी विचारले असते तर हा झगडाच झाला नसता. पण नकाशा काढणारा कोळीवाड्यात जात नाही.

म्हणून मत्स्यालयाचा प्रश्न आम्ही समुद्राच्या प्रश्नापासून वेगळा मानत नाही. बाहेरचा समुद्र मारून आत त्याचा नमुना ठेवणे याला संवर्धन म्हणता येत नाही. तरीसुद्धा मत्स्यालये नकोतच, या मताचे आम्ही नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे ते सुट्टीत अंदमानला जाऊन पाण्यात बुडी मारतील, सिंगापूरचे मत्स्यालय बघतील. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतल्या मुलीने आणि गोवंडीच्या महापालिका शाळेतल्या मुलाने समुद्र कुठे बघायचा? त्यांच्यासाठी सार्वजनिक मत्स्यालय हवेच. फक्त ते कसे असावे, हे सांगण्याचा अधिकार आपला आहे.

पहिली मागणी, मत्स्यालय शासनाने स्वतः बांधावे आणि चालवावे. जागा सरकारची, पैसा जनतेचा आणि गल्ला खासगी कंपनीचा, हा व्यवहार नको. महापालिका, जिल्हा परिषद, आश्रमशाळा आणि समाजकल्याण वसतिगृहांच्या विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत हवा. दुसरी, आपल्या खाड्या, नद्या आणि तलावांतले जीव आधी दाखवावेत. मरळ, वाम, शिंगी, निवट्या, खेकडे, खारफुटी यांची ओळख करून द्यावी. जंगलातून-समुद्रातून चोरट्या मार्गाने आलेला एकही प्राणी विकत घेऊ नये. वर्षाला किती प्राणी आणले आणि किती मेले, याचा तक्ता दारावर लावावा. तिसरी, प्रत्येक टाकीशेजारी त्या जिवाची बाहेर काय अवस्था आहे ते मराठीत लिहावे. पापलेटच्या टाकीशेजारी वाढवणचा नकाशा लावण्याची हिंमत शासनाने दाखवावी. चौथी, तिथली पदे कायम असावीत आणि ती आरक्षणाच्या बिंदुनामावलीनुसार भरावीत. टाकीत उतरणाऱ्या कामगाराला पूर्ण सुरक्षा साधने मिळावीत. कोळी, भोई, ढिवर समाजातील जाणत्या स्त्री-पुरुषांना मार्गदर्शक म्हणून मानधनावर नव्हे, पगारावर नेमावे.

पाचवी गोष्ट शासनाला सांगायची नाही, ती आपल्याला स्वतःला करायची आहे. मत्स्यशास्त्र हे शिक्षणाचे मोठे क्षेत्र आहे, हे आपल्या वस्त्यांत फारसे ठाऊक नसते. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, नागपूर आणि उदगीरलाही आहे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तिथे उच्च पदव्यांपर्यंत शिकता येते. बारावी विज्ञान झालेली आपली मुले अभियांत्रिकी आणि डी.एड.च्या पलीकडे बघत नाहीत, कारण त्यांना कोणी सांगत नाही. उद्या समुद्राच्या, तलावांच्या, बंदरांच्या बाबतीत जी तज्ज्ञ समिती बसेल तिच्यात आपला माणूस नसेल, तर निर्णय पुन्हा तेच लोक घेतील ज्यांनी आजवर घेतले. आपल्या वाचनालयांत, अभ्यासिकांत या महाविद्यालयांची माहितीपत्रके लावायला पैसा लागत नाही.

नव्या मत्स्यालयाचे आराखडे आज ना उद्या पुढे येतील. तेव्हा मुंबईतील आपल्या संघटनांनी, कोळीवाड्यांतल्या मंडळांना सोबत घेऊन, आपले म्हणणे लेखी स्वरूपात मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि महापालिकेकडे दिले पाहिजे. निवेदनाची पोच घ्यावी, उत्तर नाही आले तर माहितीच्या अधिकारात विचारावे. जुन्या इमारतीच्या नूतनीकरणावर किती खर्च झाला आणि ती पाच वर्षांत निकामी का झाली, हा त्यातला पहिला प्रश्न असू द्या.